एक अब्ज नऊ

टेबलावर आठ वस्तू होत्या. टाइपरायटर एक, त्यात चढवलेला कागद एक, चहाची किटली एक, कप दोन, चालू कॉम्प्युटर एक, त्याच्या बॅटरीचा डबा एक आणि भिंतीजवळ विजेचा बोर्ड एक. बोर्डावर पिना खुपसायला दोन जागा होत्या. एकीत बॅटरीची पिन होती. दुसरी रिकामी होती, आणि तिच्याभोवती हातांच्या मळाचा काळा गोल उमटला होता.

खोलीत नव्हते ते फक्त लुओंग गुरुजी. ते घरामागच्या कमळांच्या तळ्यात पालथे सापडले.

खोलीचे हे फोटो खिएमने काढले होते. ह्युए शहरात गेलेल्या माणसांचे देव्हाऱ्यात ठेवायचे फोटो काढायचं त्याचं जुनं दुकान होतं. गुरुजींच्या चेहऱ्यासाठी त्याला बोलावलं, आणि पोलिसांनी जाता जाता खोलीही टिपून घ्यायला सांगितली. दहाव्या चांद्रमासाचा तो दुसरा दिवस होता. पोलिसांनी आत्महत्या लिहून फाइल मिटली.

आज महिन्याचा सहावा दिवस. दुकानामागच्या खोलीत उयेन तेच फोटो ओळीने मांडून बसली होती. वीस वर्षं पोलिसांत काढून तिने नोकरी सोडली होती. आता लोकांचे खाजगी तपास करायची. खिएम तिच्या सामानाची पिशवी उचलायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

समोर गुरुजींची नात लाय बसली होती. सव्वीस वर्षांची, डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी. बाहेर बारा दिवसांपासून पाऊस चिकटून बसला होता.

"मावशी, आजोबांनी जीव दिला हे मी मान्य केलंय," लाय म्हणाली. "मला एवढंच सांगा, तो आकडा त्यांना कुणी सांगितला?"

टाइपरायटरमधल्या कागदाचा फोटो उयेनने पुढे ओढला.

*माझ्या संख्येला भाजक सापडला. १००००००००९. चाळीस वर्षं फुकट गेली. कुणाला दोष देऊ नये. लुओंग.*

"एक, आठ शून्यं, नऊ," उयेन म्हणाली. "आणि त्यांची संख्या?"

"दोन घ्यायचे, एक कोटी चोपन्न लाख पंच्याऐंशी हजार आठशे त्रेसष्ट. सगळे एकमेकांना गुणायचे. शेवटी एक वजा."

खिएमने शीळ घातली. "केवढी होते ती?"

"सेहेचाळीस लाख अंकी. आजोबा म्हणायचे, ही अविभाज्य आहे. एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जाणार नाही. दर सणाला ताटावर बसलं की तेच. एक जरी भाजक निघाला तरी मी संपलो, म्हणायचे." लायने बोटातली अंगठी फिरवली. "भाजक शोधू शकेल असा माणूस घरात एकच यायचा. किन. आजोबांचा विद्यार्थी. पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे." ती थांबली. "होतं."

"त्याला विचारलंस?"

"दारातूनच परत पाठवलं. चिठ्ठीसुद्धा दाखवली नाही. खरं बोलला तर लग्न कसं करू? आणि खोटं बोलला, तर मला कळणार कसं?"

उयेनने फोटो गोळा केले. "त्याच्याशी अजून बोलू नकोस. आम्ही उद्या येतो."

* * *

दुसऱ्या दिवशी वाटेत खिएमला भूक लागली.

"ताई, कोपऱ्यावर बदकाची उकडलेली अंडी मिळायची. आतलं पिल्लू, वर आलं, मीठमिरी..."

"आज सातवा दिवस, खिएमदादा. महिन्याच्या तोंडाशी बदक खाणार? महिनाभर अवदसा मागे लागेल. ती अंडीवाली आज गाडी लावणारच नाही."

ती खरंच नव्हती. दोघांनी शिंपल्यांचा भात खाल्ला आणि पुलापलीकडे गेले.

गुरुजींचं घर पपनसांच्या बागेत होतं. कॉम्प्युटर अजून गुरगुरत होता. तो बंद करायचा नाही असं लायने बजावलं होतं. त्याच्याशेजारी किन उभा होता: एकतीस वर्षांचा प्राध्यापक, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"तिने मला उंबऱ्याबाहेर ठेवलंय," तो म्हणाला. "फक्त या खोलीत मशीन बघायला येऊ देते. ती मागच्या दाराने निघून जाते."

"हे मशीन भाजक शोधतं?"

"छे! एवढ्या संख्येचा भाजक शोधत बसलं तर सूर्य विझेल. हे एका आकड्याचा वर्ग करतं, दोन वजा करतं, गुरुजींच्या संख्येने भागून शेष ठेवतं, पुन्हा वर्ग. दीड कोटी वेळा. शेवटी शेष शून्य आला तर संख्या अविभाज्य. नाही आला तर नाही. भाजक कोणता हे तेव्हाही कळत नाही, फक्त कुठेतरी आहे एवढं कळतं."

"म्हणजे चोरी झाली कळतं, चोर कळत नाही," खिएम म्हणाला.

"अगदी तसंच, काका."

"वीज गेली तर?" उयेनने विचारलं.

"बॅटरी थोडा वेळ धरते. तीही संपली तरी दर अर्ध्या तासाला मशीन आपलं काम साठवतं. फार तर अर्ध्या तासाचं वाया जाईल. गुरुजींना पन्नासदा सांगितलं, पटायचंच नाही. युद्धात बाँब पडला तेव्हा त्यांची तीन वर्षांची आकडेमोड एका रात्रीत जळाली होती. वीज थरथरली की ते बोर्डाकडे धावायचे."

"अशा संख्येचे भाजक कसेही असू शकतात?"

किनचा आवाज एकदम वर्गातला झाला. "मुळीच नाही. लहान उदाहरण घ्या. अकरा दोन गुणा, एक वजा करा. दोन हजार सत्तेचाळीस. तिचे भाजक तेवीस आणि एकोणनव्वद. दोन्हीतून एक काढा: बावीस, अठ्ठ्याऐंशी. दोन्हीत अकरा आहेच. गुरुजी ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवायचे."

उयेनने मान डोलावली. चिठ्ठीचा फोटो तिच्या पर्समध्ये होता, पण तिने तो बाहेर काढला नाही. खिएमला नवल वाटलं.

"गुरुजींशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"निकाल लागला तर कॉलेजच्या नावाने कळवा म्हणालो. 'संख्या कुणाच्या नावावर नसते, गाढवा' म्हणाले, आणि चहा दिला."

* * *

ओट्यावर उंग आजोबा एकटेच बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. वय शहात्तर, गुरुजींपेक्षा दोन वर्षांनी मोठे, तेही गणिताचे निवृत्त शिक्षक. समोरची जागा रिकामी होती.

"चाळीस वर्षांपूर्वी मी पैज लावली, तुझी संख्या फुटणार," ते म्हणाले. "आता जिंकलो म्हणतात. चिठ्ठी कुणी दाखवली नाही मला, पण भाजक निघाला ना? कुणासमोर मिरवू?" त्यांनी एक मोहरा उचलला आणि होता तिथेच ठेवला. "मेला तो मेला, माझी चालही घेऊन गेला."

"त्यांनी तुम्हाला कधी आकडा दिला होता? लाय सांगत होती, तिला दिला तसा?"

"लाल पाकिटातला? ते नववर्षाला धाकट्यांना देतात, बाई. मी थोरला. खिशात कोऱ्या नोटा नसायच्या, म्हणून हा पाकिटात कधीच न फुटणारा आकडा घालायचा. ज्याचा त्याला एक, जन्मात एकदाच. कुणाला सांगायचा नाही, सांगितला की नशीब उडतं. पोरांपुढे असल्या थापा मारायचा."

घरामागच्या पत्र्याच्या पडवीत गुरुजींचा पुतण्या तोआन होता. चाळिशीचा, जाडजूड. तिथे तो बदकाची अंडी उबवायचा. लाकडी कपाटातले ट्रे धुऊन उपडे घातले होते. कपाटातून निघालेली वायर भिंतीच्या भोकातून गुरुजींच्या खोलीत जायची. तिची पिन आता तिथे बोर्डाखाली जमिनीवर पडली होती.

"अंडी कुठायत?" खिएमने विचारलं.

"विकली. काका गेले त्याच्या आदल्याच दिवशी गाडी भरून गेली, अख्खी खेप. म्हणून त्या रात्री दा नांगला होतो, पैसे आणायला. पहाटे येतो तर हे असं." तोआनने नाक शिंकरलं. "वाघाच्या सालात जन्मलेला ना मी, अपशकुनी. काकी म्हणायची, हा पोरगा घर खाईल. खाल्लं बघा."

"नशीबवान. अख्खी खेप गेली," उयेन म्हणाली.

"मेहनत, ताई."

पपनसाच्या झाडाखाली एक कुत्रं माती उकरत होतं. तोआनने त्याला दगड मारला. "खत घातलंय, त्याचा वास येतो मेल्याला."

निघताना उयेनने किनला आणि लायला वेगवेगळं गाठून त्यांचे लाल पाकिटातले आकडे विचारले. दोघांनीही आधी आढेवेढे घेतले. लायचा होता १,०४,७२९. किनचा ५,२४,२८७.

"लाय, तू कोणत्या सालची?"

"ड्रॅगनच्या. एकोणीसशे शहात्तर."

किन एकाहत्तरचा होता.

दुकानात परतल्यावर उयेनने खिएमचा कॅल्क्युलेटर मागितला. दर आकड्यातून ती आधी एक वजा करत होती.

"ताई, हा किनच," खिएम म्हणाला. "एवढं गणित दुसऱ्या कुणाला येतं?"

"बरोबर. म्हणूनच तो नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुजी सापडल्याच्या सातव्या दिवशी, देव्हाऱ्यापुढे भाताचा नैवेद्य मांडला. खिएमने केलेल्या फोटोतून गुरुजी किंचित तिरके बघत होते. उयेनने सगळ्यांना आपापली पाकिटं आणायला सांगितलं होतं. वॉर्डाचा पोलीस दाराशी ओल्या रेनकोटात चहा पीत बसला.

"लायने मला विचारलं, हा आकडा आजोबांना कुणी सांगितला," उयेन म्हणाली. "कुणीच नाही. किन, आता वाच."

किनने चिठ्ठीचा फोटो हातात घेतला. त्याच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, बोटांवर काही मोजलं गेलं. मग त्याने मान वर केली.

"हा भाजकच नाही!"

"का? सगळ्यांना कळेल असं सांग."

"भाजकातून एक काढला की गुरुजींच्या त्या दीड कोटीच्या आकड्याने नि:शेष भाग जायला हवा. अकराचं उदाहरण तुम्हाला दिलं तसं. इथे..." त्याने कॅल्क्युलेटर ओढला. "चौसष्ट वेळा जातो आणि एकोणनव्वद लाख चार हजार सातशे शहात्तर उरतात. शून्य उरायला हवं. गुरुजींना हे झोपेतही दिसलं असतं."

उंग आजोबांनी फोटो हिसकावला, डोळ्यांजवळ नेला आणि हळूच खाली ठेवला. "मी चिठ्ठी बघायला मागायला हवी होती," ते पुटपुटले.

"म्हणजे ही चिठ्ठी गुरुजींनी लिहिली नाही," उयेन म्हणाली. "ज्याने लिहिली त्याला हा नियम ठाऊक नव्हता. किनने तो मला न विचारता शिकवला. उंग आजोबांनी तो जन्मभर शिकवला. या दोघांनी खोटा भाजक लिहिला असता, तर नियमात बसेल असाच लिहिला असता. एवढं गणित येणारे दोघे इथेच सुटले."

लायने पहिल्यांदाच किनकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. बोटं अजून कॅल्क्युलेटरवर होती.

"पण लिहिणारा मूर्खही नव्हता. भाजक सम असून चालणार नाही, शेवटी पाच असून चालणार नाही, तो स्वतः अविभाज्य हवा, एवढं त्याने ताटावर ऐकलं होतं. असा मोठा आकडा साध्या माणसाला कुठून सुचणार? त्याला एकच पाठ होता. लाल पाकिटातला. दुसऱ्या कुणाला माहीत नाही म्हणून निर्धास्त होता. लाय, तुझं पाकीट."

लायने ते उघडलं.

"एक लाख चार हजार सातशे एकोणतीस. एक काढ. एकोणीसशे शहात्तरने भाग."

लायने कळा दाबल्या. "त्रेपन्न. पूर्ण."

"किन?"

"पाच लाख चोवीस हजार दोनशे शहाऐंशी, भागिले एकोणीसशे एकाहत्तर..." किनचा आवाज बारीक झाला. "दोनशे सहासष्ट. पूर्ण. इतकी वर्षं माझ्या खिशात होतं, कधी बघितलं नाही."

"गुरुजी ज्याच्या-त्याच्या जन्मसालाला बसेल असा आकडा शोधून द्यायचे. सालाने वाटणी केली की नेहमी एक उरतो."

उंग आजोबा खाली बघूनच बोलले. "तो उरलेला एक म्हणजे मी, असं म्हणायचा. पोरं वाटून घेतील ते घेतील, म्हातारा उरेल."

"तोआन," उयेन म्हणाली, "तुमचं पाकीट?"

"हरवलं. लहानपणची गोष्ट, ताई. कुणाला आठवतंय?"

"हरकत नाही. तुम्ही वाघाच्या सालचे, वय चाळीस. वाघाचं साल बारा वर्षांनी एकदा येतं, म्हणजे एकोणीसशे बासष्ट. खिएमदादा, चिठ्ठीतला आकडा. एक काढा आणि भागा."

खिएमने दोनदा भागून पाहिलं. मग आकडा मोठ्याने वाचला. "पाच लाख नऊ हजार सहाशे चौऱ्याऐंशी. पूर्ण."

खिएमने कॅल्क्युलेटर तोआनपुढे सरकवला.

"योगायोग!" तोआन म्हणाला. "आकड्यावरून माणूस धरतात का? मी दा नांगला होतो."

"अंड्यांचे पैसे आणायला. महिन्याच्या पहिल्या दिवशी अख्खी खेप विकून. या शहरात त्या दिवशी बदकाचं एक अंडं कोण घेतं, तोआन? खिएमदादांना सातव्या दिवशीसुद्धा मिळालं नाही. अंडी गेलीच नाहीत. ती पपनसाखाली आहेत. कुत्र्याला ठाऊक आहे."

दाराशी बसलेल्या पोलिसाने कप खाली ठेवला.

"एक वायर, एक बोर्ड, दोन पिना," उयेन पुढे म्हणाली. "मळाचा डाग होता त्या जागी तुमच्या कपाटाची पिन वर्षानुवर्षं असायची. त्या पावसात विजेचा दाब अर्ध्यावर आला असणार. मशीन बंद पडेल या भीतीने गुरुजींनी तुमची पिन उपटली. तुम्ही गावाला होतात हे खरं. पण परत आलात ते पहाटे नव्हे, टेबलावर दुसरा कप होता."

तोआन देव्हाऱ्याकडे बघत होता.

"संध्याकाळीच आलो," तो म्हणाला. "कपाटात हात घातला. दोन हजार अंडी. थंडगार. प्रकाशासमोर धरलं की पिल्लांची नस हलताना दिसते. एकही हलेना. आत गेलो तर काकांनी चहा ओतला माझ्यासाठी. म्हणाले, 'अंडी पुन्हा घालतील बदकं, माझा शेष गेला तर परत येणार नाही.' मी त्यांना ओढत तळ्यापाशी आणलं. अंडी दाखवणार होतो, पडवीत. फक्त दाखवणार होतो. हात झटकला त्यांनी. मी ढकललं. डोकं काठाच्या दगडावर..." त्याने तोंड पुसलं. "पाण्यात गेले. मी काढलं नाही. उभा राहिलो."

"आणि मग टाइपरायटर."

"ते नेहमी म्हणायचे ना, भाजक निघाला की मी संपलो."

लाय उठली. तोआनपुढे उभी राहिली. "काका, तुमचा आकडा त्यांनी आठवडाभर शोधला होता. आजीने सांगितलंय मला. शेवटी सोपा सापडला म्हणून नाचले होते. तोआनला पाठ राहील म्हणाले."

तोआनने चेहरा हातात घेतला.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर किन बोर्डापाशी उकिडवा बसला. पडलेली पिन त्याने उचलली.

"अर्धा तास," तो म्हणाला. "वीज गेली असती तर अर्ध्या तासाचं काम गेलं असतं. मी त्यांना पन्नासदा सांगितलं. एक्कावन्नाव्यांदा सांगायला हवं होतं."

लाय त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.  उंग आजोबांनी किटलीतला थंड चहा फोटोपुढच्या कपात ओतला.

खिएमने पिशवी उचलली. "ताई, मशीन बंद करू?"

"त्यांना विचार," उयेन म्हणाली.

लायने मान हलवली. नको.

* * *

नववर्षाचे तीन दिवस उलटल्यावर उयेनला आणि खिएमला निरोप आला. लग्न वर्षभर पुढे गेलं होतं, सुतकामुळे. किन आता उंबऱ्याच्या आत होता. उंग आजोबांसाठी खुर्ची आणली होती. देव्हाऱ्यावर लाल पाकीट नव्हतं.

मशीनची गुरगुर थांबली होती. पडद्यावर तीन ओळी होत्या. लायने त्या वाचून दाखवल्या.

शेष शून्य नाही.

संख्या अविभाज्य नाही.

भाजक माहीत नाही.